बिघडलं तर कुठल्या बाजूला?

माझ्या धाकट्या बहिणीला बघायला कलबुर्गीहून पाहुणे आले होते. पोरगा इंजिनियर, घर बरं. चुरमुऱ्यांचा सुशीला खाऊन झाला, चहा झाला. आता कुणीतरी मोठ्या माणसानं चार शब्द विचारावेत म्हणून माझ्या वडिलांनी गुरुलिंग अण्णांकडं पाहिलं. अण्णा आमच्या नात्यातले नव्हेत. हुमनाबादला मी ज्या कारखान्यात आहे तिथले ते जुने इलेक्ट्रिशियन. पण जनवाड्याला आमच्या घरी त्यांना थोरल्या माणसाचा मान. अण्णांनी बशी खाली ठेवली, चष्मा वर सरकवला आणि मुलाच्या बापाला विचारलं,

"पोरगं चांगलंच हाय. पण बिघडलं तर कुठल्या बाजूला बिघडंल?"

मुलाच्या बापाला ठसका लागला. मुलाच्या आईनं पदर सावरला. माझे वडील जमिनीकडं बघायला लागले. शेवटी मुलगाच म्हणाला, "अण्णा, मला राग आला की मी गप बसतो. दोन-दोन दिवस बोलत नाही."

अण्णांचा चेहरा उजळला. ते वडिलांकडं वळून म्हणाले, "द्या पोरगी. बंद पडणारा हाय. चालू राहणारा न्हाई."

लग्न झालं. बहीण सुखात आहे. मेहुणा अधूनमधून बंद पडतो, मग आपोआप सुरू होतो.

हा प्रश्न अण्णा सगळ्यांना विचारतात. कुकर घेताना दुकानदाराला विचारलं, शिट्टी अडकली तर वाफ कुठून जाणार? दुकानदारानं झाकणावरचं रबरी बूच दाखवलं तेव्हा कुठं पिशवी उघडली. बसच्या ड्रायव्हरला विचारलं, ब्रेकमधली हवा गेली तर ब्रेक लागतो का सुटतो? लागतो, असं त्यानं सांगितल्यावरच अण्णा पायरी चढले. मागं उभे असलेले लोक शिव्या घालत होते, ते त्यांना ऐकूच आलं नाही.

मी खरेदी खात्यात नवी लागले तेव्हा त्यांनी मला पहिला धडा दिला तो असा. मशीन थांबवायच्या लाल बटणाकडं बोट दाखवून म्हणाले, "अक्का, ह्या बटणाची वायर उंदरानं कुरतडली, तर मशीन थांबंल का चालू राहील?"

"चालू राहील," मी म्हणाले. बटण दाबलं तरी मशीनला कळणारच नाही, मग थांबेल कशी?

"मग ते बटण न्हवं, बेगड हाय. वायर तुटली तर मशीन थांबलीच पाहिजे. बिघाड व्हणारच. तेनं माणसाच्या बाजूनं व्हावं, एवढंच आपल्या हातात हाय."

अण्णा उंचीनं बेताचे, अंगानं काटक. कपाळावर विभूती, शर्टाच्या खिशात टेस्टर, चष्म्याला दोरी. मशीनशी ते कन्नडात बोलतात, मालकांशी दख्खनी हिंदीत, माझ्याशी मराठीत. आणि शिवी द्यायची झाली तर कुठल्याच भाषेत देत नाहीत. कारखान्यात त्यांना मागं 'चुंबक अण्णा' म्हणतात. त्याचं कारण त्यांच्या कपाटातला एक स्टीलचा डबा.

मशीनच्या दाराला एक कळ असते. दार उघडलं की मशीन बंद. पण दार सारखं उघडावं लागलं, की कामगार वैतागतो आणि कळीवर एक चुंबक चिकटवून ठेवतो. बिचाऱ्या कळीला वाटतं दार लागलेलं आहे. दार सताड उघडं आणि मशीन चालू. असे सापडलेले चुंबक, वाकवलेल्या तारा, लाकडाच्या पाचरी, दुमडलेली काडेपेटीची खोकी, सगळं अण्णांच्या डब्यात. ज्यानं लावलं त्याचं नाव ते कधी कुणाला सांगत नाहीत. त्याला फक्त बाजूला घेऊन विचारतात, "कामून लावलास?" आणि तो जे सांगेल ते मान खाली घालून ऐकून घेतात. मला ते त्यांच्या मवाळ स्वभावातलं वाटायचं.

आमचा कारखाना कूलरचे पत्र्याचे सांगाडे बनवतो. आमच्याकडच्या उन्हाळ्यात हा धंदा बसणं शक्य नाही. मागं मालकांनी तीन सुट्या प्रेस एका ओळीत जोडायचं ठरवलं. पत्रा एका टोकाला आत जाणार, पट्ट्यावरून सरकत तीन ठिकाणी दाबला जाणार आणि दुसऱ्या टोकाला सांगाडा होऊन बाहेर पडणार. त्या ओळीला सात दारं, चार लाल बटणं, आणि जिथं माणूस पत्रा भरतो तिथं प्रकाशाचे दोन पडदे. पडदा म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांची जाळी. हात आत गेला, किरण अडला, की प्रेस थांबते. ह्या सगळ्यांचं ऐकून 'थांब' कधी म्हणायचं, हे ठरवणारी एक वस्तू लागते. ती कुठली घ्यायची, हा प्रश्न होता. तीन प्रकारची पत्रकं माझ्या टेबलावर येऊन पडली.

पहिला प्रकार साधा. प्रत्येक दाराला, प्रत्येक बटणाला एकेक रिलेची, म्हणजे वीज तोडणारी-जोडणारी डबी, सगळ्या वायरींनी एकमेकींना बांधलेल्या. दुसरा प्रकार म्हणजे एक लहानसा सेफ्टी कंट्रोलर. दारं-बटणं त्याला जोडायची आणि कुठलं दार उघडलं की काय थांबेल, हे कॉम्प्युटरच्या पडद्यावर चौकोन मांडून ठरवायचं. पुढं दारं वाढली की बाजूला आणखी एक तुकडा लावायचा. तिसरा सगळ्यांत मोठा. तो काय वाटेल ते करू शकतो, पण त्यात एक ओळ बदलायची तरी बेंगळूरूहून माणूस बोलवावा लागतो.

मालकांना डब्या पसंत होत्या. "आजवर डब्यांवरच चाललंय की," म्हणाले. हैदराबादहून आलेला विक्रेता इम्रान तिसऱ्याच्या मागं लागला होता. मालक अण्णांना म्हणाले, "आप देखके बोलो."

मला वाटलं अण्णा पत्रकं घरी नेतील, चष्मा लावून वाचतील. त्यांनी पत्रकांना हात लावला नाही. एक बादली उपडी घातली, जुन्या तीन प्रेसच्या समोर मांडली आणि तिच्यावर बसून राहिले. चार दिवस. हातात वही. कोण कुठलं दार उघडतो, कामून उघडतो, आत हात कितीदा घालतो, परत चालू करायला किती वेळ जातो, सगळं लिहीत. कामगार हसायला लागले. प्रॉडक्शनवाले मला येऊन म्हणाले, "मॅडम, अण्णांची तब्येत बरी आहे का?"

पाचव्या दिवशी अण्णा वही घेऊन मालकांच्या केबिनमध्ये आले. मीही होते, इम्रानही होता.

"सगळ्यात जास्त मधलं दार उघडायलेत," अण्णा म्हणाले. "पत्रा तिथं तिरका जातो, अडकतो. नव्या ओळीत ते एक दार उघडलं की सगळी ओळ थांबली, तर परत सुरू करताना पहिल्यापासून सगळं लावावं लागंल. दिवसातून धा वेळा कोण करंल? दोन दिवसांनी त्या दाराला चुंबक लागंल. मी आताच लिहून देतो."

"मग काय, दारच ठेवायचं नाही?" मालक म्हणाले.

"दार ठेवायचं. पण मधलं दार उघडलं की मधली प्रेस आणि तिच्या दोन्ही बाजूचा पट्टा थांबावा. बाकीच्या दोघींनी जागच्या जागी वाट बघावी. आणि कुठलं दार उघडंय ते समोर लिहून यावं. मशीन कामून थांबली हेच कळत न्हाई तवा माणूस चुंबक शोधायला लागतो, साहेब. डब्यांवर हे करायचं तर वायरींचं घरटं व्हतंय. उद्या चौथी प्रेस आली की ते उसवायचं. उसवताना एक वायर चुकली, की कुणाला कळणार न्हाई."

इम्रान खूष झाला. "मैं बोला ना, बडावाला लो!"

"बडा नक्को," अण्णा म्हणाले. "घरातल्या माणसाला जे कुलूप उघडता येत न्हाई, ते तो एक दिवस फोडतो. बेंगळूरूचा माणूस येईस्तोर मशीन थांबवून कोण बसंल? मधला द्या. तो मला वाचता येतो, आणि माझ्या मागनं येणाऱ्यालाबी वाचता यील."

"पण सोपं आहे म्हणजे कुणीही बदलेल की," मी विचारलं.

अण्णांनी माझ्याकडं कौतुकानं पाहिलं. त्यांच्याकडून मिळालेलं ते पहिलं आणि शेवटचं प्रशस्तिपत्र. मग त्यांनी दोन अटी घातल्या. पासवर्डचे दोन तुकडे करायचे. एक त्यांच्याकडं, एक माझ्याकडं. आणि मांडणी पक्की झाली की कंट्रोलर तिचा एक नंबर दाखवतो. आत जरा काही बदललं तरी तो नंबर बदलतो. तो नंबर कंट्रोलर बसवलेल्या पॅनलच्या दारावर ऑइलपेंटनं लिहायचा, म्हणजे येता-जाता कुणीही ताडून बघावा. मालकांनी थोडा वेळ वही चाळली आणि मान हलवली. मधला आला.

जोडणी झाल्यावर चाचणी. ती अण्णांनी तीन दिवस चालवली. सातही दारं एकेक करून, चारही बटणं एकेक करून. मग पकड घेऊन प्रत्येक वायर सोडवायची आणि मशीन थांबते का बघायचं, परत जोडायची, वहीत खूण करायची. नवी कोरी वायर सोडवताना इम्रानच्या जिवाचं पाणी होत होतं. दाराच्या नव्या कळा साध्या चुंबकाला फसत नव्हत्या. अण्णांनी डब्यातला प्रत्येक चुंबक लावून बघितला. प्रकाशाचा पडदा तपासायला त्यांनी बाजारातून शेवग्याच्या शेंगा आणल्या. प्रेस खाली येताना शेंग आत घालायची. प्रेस अधांतरी थांबायची, शेंग शाबूत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच शेंगा ते सांबार करायला घरी घेऊन गेले.

हे सगळं पाहून इम्रान कंटाळला असावा. शेवटच्या दिवशी सकाळी, मालक आणि दहा-बारा कामगार गोळा झालेले असताना, तो पुढं आला. "अण्णा, शेंगा कितने दिन? ये देखो, डरो नक्को." असं म्हणत त्यानं बाही वर केली आणि खाली येणाऱ्या प्रेसखाली हात घातला.

प्रेस थांबली. जिथं थांबायला हवी तिथंच, हाताच्या वीतभर वर. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आणि अण्णा ओरडले. इतक्या वर्षांत मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. त्यांनी इम्रानचं मनगट धरून असा हिसका दिला की तो पोरगा पाठीवर पडला. अण्णा त्याच्या अंगावर वाकून त्याचा हात उलटा-सुलटा करून बघत राहिले. मग तिथंच खाली बसले. त्यांना घाम सुटला होता. आम्हाला वाटलं हृदयाचं काही आहे. मालकांनी गाडी काढायला सांगितलं. अण्णांनी हात हलवून नको म्हटलं.

जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना शेडमागच्या बाभळीखाली गाठलं. जेवणाचा डबा उघडलेला नव्हता.

"अक्का," ते म्हणाले, "दुबलगुंडीचा रतन माहीत हाय का?"

माहीत होता. उजवा हात मनगटापासून नसलेला माणूस. अण्णांचा जुना मित्र. कधी कारखान्याच्या गेटवर यायचा, अण्णा त्याला चहा पाजायचे. दोघं पूर्वी एका कारखान्यात होते. तो कारखाना कधीच बंद पडला.

"त्या कारखान्यात उन्हाळ्यात दाराची कळ तापायची, उगंच मशीन बंद करायची. एक दिवस दुपारी लईच तरास द्यायला लागली. म्या चुंबक लावला. कुणी सांगितलं न्हवतं. मीच. सांजच्याला काढू म्हणलो, आणि दुसऱ्या कामाला गेलो. रतनला माहीत न्हवतं. तेनं दार उघडलं. दार उघडं म्हणजे मशीन बंद, ह्या भरवशावर अडकलेला पत्रा काढायला हात घातला."

मी त्यांच्या शेजारी बसले.

"चौकशी झाली. चुंबक सापडला. मशीन रतनची, म्हणून चुंबकबी तेचाच, असं कागदावर आलं. तेनं लई सांगितलं, म्या लावला न्हाई म्हणून. कुणी ऐकलं न्हाई. मी तिथंच उभा व्हतो."

"आणि तुम्ही?"

"गप बसलो. नोकरी जाईल म्हणून भ्यालो. पुढच्या महिन्यात सांगू म्हणलो. मग पुढच्या वर्षी. घरवालीला तेवढं ठाऊक व्हतं, तीबी गेली. आता ह्या जगात मला एकट्यालाच ठाऊक हाय. गाव तेला म्हणतं, सोताच्या हातानं हात घालवला. तेची बायकोबी म्हणती. मी जातो, चहा पितो, त्याच चहाबरोबर गिळून येतो."

बाभळीच्या शेंगा खाली पडल्या होत्या, त्या ते पायानं एका जागी गोळा करत राहिले.

"येत्या रविवारी मला तुमच्या गाडीवर न्या," म्हणाले. "एकटा गेलो तर परत फिरंन."

रविवारी सकाळी मी स्कूटी काढली. वाटेत अण्णांनी एकही प्रश्न विचारला नाही. ब्रेकबद्दलही नाही.

रतन अंगणात डाव्या हातानं म्हशीला वैरण टाकत होता. आम्हाला बघून हसला. "या, या. आज मॅडमबी आल्यात!" आत वळून म्हणाला, "सुलोचना, चहा टाक."

"चहा नको," अण्णा म्हणाले. "आधी ऐक." आणि मला जे सांगितलं होतं तेच त्यांनी उभ्या-उभ्या सांगितलं. शब्द कमी, पण एकही गाळला नाही. शेवटी खिशातून सही केलेला कागद काढून पुढं धरला. "ह्यात सगळं लिवलंय. तुला जिथं दाखवायचं तिथं दाखव."

रतननं कागद घेतला नाही. तो अण्णांकडं बघत राहिला. मला वाटलं आता हा मारेल, किंवा रडेल. त्याच्या हातातली वैरण खाली गळाली. मग तो मोठ्यांदा ओरडला,

"सुलोचना! भाईर ये! आण्णा काय सांगायलेत ऐक!"

ती पिठाच्या हातांनी बाहेर आली.

"परत सांगा," रतन म्हणाला.

अण्णांनी परत सांगितलं. सुलोचना दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. ऐकता ऐकता ती खाली बसली आणि पिठाचे हात तसेच तोंडावर घेतले. "मी म्हणत व्हते," ती पुटपुटली, "सगळ्याला मीच म्हणत व्हते, ह्यांचीच चूक..." रतन तिच्याजवळ जाऊन बसला. आपला नसलेला हात त्यानं तिच्या खांद्यावर टेकवला. दोघांपैकी कुणीही आमच्याकडं पाहिलं नाही. अण्णा अंगणाच्या मधोमध उभे होते, हातात कागद.

तिथूनच रतन म्हणाला, "माझा थोरला भाऊ मेला तवा मला वेडा म्हणून मेला."

अण्णांनी कागद पुन्हा पुढं केला.

"आता जावा," रतन म्हणाला. "बाजाराच्या दिवशी या. पारावर सगळी असत्यात. तिथं सांगा. कागद नको. तोंडानं सांगा."

परत येताना अण्णा मागं बसले होते. मला एकदा वाटलं ते रडतायत. मी आरसा वळवला नाही.

बाजाराच्या दिवशी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. मी म्हटलं, येऊ का. नको म्हणाले. विभूती लावून, धुतलेला शर्ट घालून बसनं गेले. त्या दिवशी माझं कामात लक्ष नव्हतं. पारावर कोण काय बोलेल, कुणी हात उचलेल का, पोलिसात जाईल का, सगळं मनात येत होतं.

दुसऱ्या दिवशी ते नेहमीच्या वेळेला पॅनलसमोर उभे होते. दारावरचा नंबर आणि आतला नंबर ताडून बघत होते. मी जाऊन शेजारी उभी राहिले.

"सांगितलंत?"

"व्हय."

"लोक काय म्हणाले?"

"कुणी काय, कुणी काय. एक म्हातारा थुकला. बरोबरच हाय तेचं."

"आणि रतन?"

अण्णांनी पॅनलचं दार लावलं, कडी घातली.

"तो काई बोलला न्हाई, अक्का. पारावर बसला व्हता, जरा सरकला. मी जाऊन बसलो."

"किती वेळ?"

"बाजार उठस्तोर," अण्णा म्हणाले, आणि पहिल्या प्रेसकडं चालू लागले.